आधी दांडे

यार्डात आलेलं जुनं वाफेचं इंजिन कसं मारायचं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं.

आधी दांडे. चाकांना एकमेकांशी बांधून ठेवणारे, माणसाच्या उंचीहून लांब असे पोलादी जोडदांडे एकदा उतरले की इंजिनाचे पाय गेले. मग ते ओढा, ढकला, आडवं पाडा, ते तक्रार करत नाही. दांड्याची खीळ गॅसच्या ज्योतीने लालबुंद करायची, बाजूला सरकायचं आणि घण घालायचा. पहिल्या घावाला खीळ हलते, पुढच्याला किंचाळते, आणि मग दांडा खाली येतो तेव्हा पायाखालची जमीन थरथरते. दांड्यांनंतर केबिन. केबिननंतर धुराडं, मुळापासून कापून. मग बॉयलरचं पोट फाडायचं. चाकं ज्यात बसतात ती चौकट सगळ्यात शेवटी. हा क्रम त्याला उस्तादाने शिकवला होता, आणि उस्तादाची शिकवण्याची पद्धत म्हणजे कमरेत लाथ. पण क्रम खोटा नव्हता. दांडे तसेच ठेवून ओढत आणलेल्या एका इंजिनाचा दांडा मध्येच सुटला होता आणि शेजारून चालणाऱ्या माणसाच्या मांडीचं हाड मोडून पुढे गेला होता. तो आवाज याने ऐकला होता. वाळलेलं लाकूड मोडावं तसा.

यार्डात सगळे त्याला घण म्हणायचे. पाठीमागे घण, तोंडावर दादा. मान आखूड, मनगटं रुंद, आणि राग असा की आला कधी आणि हात उठला कधी यांच्यामध्ये कागद सरकवायलाही जागा नसायची. हे त्याने बापाकडून घेतलं होतं. बाप पट्ट्याने मारायचा आणि मारून झालं की पट्टा पुन्हा कमरेला लावून कामावर जायचा. लहानपणी हा त्या पट्ट्याच्या बकलकडे बघत जेवायचा.

बायकोच्या अंगाला मात्र त्याने कधी बोट लावलं नव्हतं. चारचौघांत तो हे छाती फुगवून सांगायचा, आणि बायको ते मुकाट ऐकून घ्यायची. तिला नाही, पण तिच्या आजूबाजूच्या एकेका वस्तूला त्याचा हात लागलेला होता. न्हाणीघराच्या दाराला मुठीएवढं भोक होतं, त्यावर तिने कॅलेंडर टांगलं होतं. खुर्ची तीन पायांवर आणि एका विटेवर उभी होती. कपाटाचा आरसा फुटला त्याला वर्षं झाली. मागची लाकडी फळी तेवढी उरली होती आणि ती फळीसमोर उभी राहून अंदाजाने केस विंचरायची. एकदा शेजारणीने विचारलं, तर म्हणाली, "आमच्याकडे वस्तू जास्त दिवस टिकत नाहीत. मी टिकले, ते नशीब."

तो ज्या गोष्टीसाठी पहिल्यांदा माणूस मोडून घरी आला, ती गोष्ट होती एक खोका.

बंद पडलेल्या एका रेल्वे प्रशिक्षण केंद्रातली लोखंडी कपाटं यार्डात येऊन पडली होती. कुलपं गंजलेली, किल्ल्यांचा पत्ता नाही. अशा वेळी यार्डात एक रिवाज होता: ज्याच्या ज्योतीने कपाट उघडेल, त्याची आतली वस्तू. लोखंड मालकाचं, बाकी ज्योतवाल्याचं. त्यातून कुणाला छत्री मिळायची, कुणाला बुटांचा जोड, एकाला तर बशीसकट दातांची कवळी मिळाली होती आणि तो ती महिनाभर हसताना लावायचा.

त्या दिवशी कपाट एक आणि ज्योती दोन झाल्या. कामाची घाई होती, म्हणून बिजागऱ्यांच्या बाजूने हा कापत होता आणि कुलपाच्या बाजूने झिपऱ्या. झिपऱ्या हा नवा कटर; मानेवर केस रुळायचे, तोंड कायम चालू. दार एकदम खाली पडलं आणि आतून एक लांबट पुठ्ठ्याचा खोका घसरून बाहेर आला. झाकणावर इंजिनाचं चित्र. हिरवं, काळ्या पट्ट्यांचं, पितळी घुमट चकचकणारा.

घण खोक्याकडे बघतच राहिला. त्याच जातीची इंजिनं तो आयुष्यभर कापत आला होता. पण त्याने ती पाहिली होती गंजलेली, काचा फुटलेली, पोटात गवत उगवलेली. रंगवलेलं, अख्खं, चाकांवर ताठ उभं असलेलं असं हे पहिलंच.

झिपऱ्याने खोका उचलला आणि कानाशी नेऊन हलवला. आत काहीतरी खुळखुळलं.

"खेळणं आहे, दादा. तुम्हाला काय करायचंय? तुम्ही उद्या याचेही दांडे तोडाल."

"ठेव खाली. बिजागरी माझी होती."

"कुलूप माझं होतं. आणि दार कुलपाने उघडतं, बिजागरीने नाही. घरी वहिनीला विचारा."

पुढचं कुणाला नीट दिसलं नाही. घणाचं कोपर झिपऱ्याच्या हनुवटीत बसलं, झिपऱ्या मागे गेला, आणि तो पडायच्या आत याने त्याचे केस धरले आणि त्याचं तोंड रुळावर आपटलं. एकदा. मग पुन्हा, कारण पहिल्यांदा नेम चुकला असं त्याला वाटलं. रुळावरून रक्त ओघळलं आणि खालच्या खडीत गेलं. मुकादम धावत आला तोवर घण खोका काखेत घेऊन उभा होता, आणि झिपऱ्या खडीत हात फिरवून आपले दात शोधत होता.

मुकादमाने दोघांकडे पाहिलं. "हा पाय घसरून पडला," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "सगळ्यांनी पाहिलंय. घसरून पडला."

घरी आल्यावर बायकोने त्याच्या हातातून शर्ट घेतला, भिजवायच्या आधी झटकला, तेव्हा बाहीच्या घडीतून काहीतरी फरशीवर टिकटिकलं. तिने खाली वाकून उचललं. दाताचा अर्धा तुकडा होता.

"हा कुणाचा?"

"झिपऱ्याचा."

"कशासाठी?"

त्याने खोका पुढे सरकवला. तिने झाकणावरचं चित्र पाहिलं, मग हातातला दात पाहिला, मग तो खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला, एखादं बटण ठेवावं तसा.

"आजवर वस्तू मोडत होतात. आज माणूस मोडून आलात."

"तुला कधी हात लावलाय मी?"

"नाही ना. माझी पाळी आली नव्हती."

तिने पिशवी भरली. तिची धाकटी बहीण चार गल्ल्या पलीकडे शिवणकाम करायची, एकटी राहायची. तो दारात आडवा उभा राहिला; ती पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरून त्याच्यासमोर उभी राहिली, आणि बराच वेळ गेल्यावर त्याला कळलं की ती बाजूला व्हा म्हणणार नाहीये, तो बाजूला होईपर्यंत नुसती उभी राहणार आहे. तो बाजूला झाला.

उंबऱ्यापलीकडे गेल्यावर ती वळली. "इतकी वर्षं मोडलंत. आता हे एक जोडून दाखवा. अख्खं, आणि चालतं. त्या दिवशी मी परत येते. रविवारी येऊन बघत जाईन."

"आणि नाही जमलं तर?"

"तर बहिणीकडे जागा आहे."

तो आत आला आणि विटेवरच्या खुर्चीचे उरलेले तीन पाय मोडले. मग खोका उघडला.

आत इंजिन नव्हतं. कागदासारखे पातळ पितळी पत्रे होते, त्यांत इंजिनाचे भाग कोरलेले, कडेला बारीक देठांनी चिकटलेले. एका पुडीत राखाडी, मऊ धातूचे ओतीव भाग: धुराडं, घुमट, बफर. चाकं, अंगठ्याएवढी मोटर, आणि आगपेटीच्या काडीसारखे दोन जोडदांडे. सोबत एक घडी घातलेला कागद, लिपी परकी, पण चित्रांना आकडे होते. पहिल्या चित्रात दांडे होते.

ते बघून तो हसला. ज्याने छापलं त्याने कधी इंजिन जवळून पाहिलं नसणार. दांडे तोडताना पहिले, म्हणजे जोडताना शेवटचे. एवढी साधी गोष्ट. क्रम उलटा करायचा: चौकट, बॉयलर, धुराडं, केबिन, दांडे. कागद त्याने घडी करून कपाटाच्या फळीमागे खोचून टाकला.

आणि तिथून त्याची फजिती सुरू झाली.

त्याच्या हाताला एकच आच माहीत होती. तो यार्डातला छोटा टॉर्च घेऊन आला, धुराडं व्हाइसच्या लोखंडी पकडीत धरलं आणि ज्योत लावली. यार्डातलं धुराडं कापायला घामाच्या धारा लागायच्या. हे पापणी लवायच्या आत थेंब होऊन व्हाइसच्या जबड्यांतून खाली गळलं. त्याने गळलेला थेंब पाहिला, रिकामा व्हाइस पाहिला, आणि भिंतीवर अशी मूठ घातली की पलीकडच्या घरात कुणीतरी भांडं टाकलं.

कोपऱ्यावरचा रेडिओ दुरुस्त करणारा त्याला ओळखून होता; घणाने फेकलेला एक रेडिओ त्याच्याकडे तीनदा येऊन गेला होता. त्याने याच्या हातात एक सोल्डरिंग आयर्न ठेवला, पेन्सिलीएवढा.

"याने?"

"याने. दादा, याने माणूस मरत नाही, म्हणून तुम्हाला सवय व्हायला जरा वेळ लागेल." मग त्याने आधी पेस्ट, मग उष्णता, मग वितळून जोड धरणाऱ्या सोल्डरची तार, आणि तार टोकाला नाही तर पत्र्याला लावायची, हे दाखवलं. "पत्रा तापला की सोल्डर आपण होऊन पळत जातं. ढकलायचं नाही. तुम्हाला ढकलायची खोड आहे."

मग पत्रे वाकवणं. पत्र्यावर जिथे घडी घालायची तिथे बारीक चर होता. त्याने यार्डातल्या सवयीने चर बाहेर ठेवून वाकवलं, कारण मोडायचं असेल तर माणूस भेगेच्या उलट बाजूनेच दाबतो. केबिन उलटी झाली. ती सरळ करायला गेला तर चरावर तुटली, स्वच्छ, जणू तिला तुटायचंच होतं. त्याने पक्कड दाराकडे भिरकावली. ती कॅलेंडरमधून आरपार गेली आणि न्हाणीघरात जाऊन पडली.

पण केबिन त्याने फेकली नाही. दोन तुकडे धरले आणि कोपऱ्यात आतून सोल्डरची रेघ दिली. बोटाला चटका बसला, फोड आला, फोड फुटला. रेघ खडबडीत आली, पण धरून राहिली. धुराडं त्याने मोडक्या नळाच्या पितळी तुकड्यातून कानशीने घासून काढलं. कितीतरी संध्याकाळी त्यात गेल्या. मोडक्या नळांची त्याच्या घरी ददात नव्हती.

असं ते चाललं. इंजिनावर राग आला की तो दुसरं काहीतरी मोडायचा. शेल्फची फळी गेली, खाटेचा पाय गेला, स्टोव्ह गेला. बायको रविवारी यायची, उंबऱ्यावरूनच बघायची. टेबलावरची चौकट, तिच्यावर चढत जाणारा बॉयलर, आणि सभोवार पडलेल्या फळ्या.

"इंजिन वाढतंय," ती एकदा म्हणाली, "आणि घर आटतंय."

"इंजिनाला धक्का लावला नाही मी."

"दिसतंय ते." ती थोडी आत आली, वाकली, केबिनच्या कोपऱ्याकडे पाहिलं. "हे काय, जखम झाल्यासारखं?"

"तुटलं होतं. आतून जोडलं."

त्या रविवारी ती जरा जास्त वेळ थांबली. त्याला ते पुरलं. तिसऱ्याच दिवशी त्याने बॉयलर आणि केबिन चौकटीला कायमची डागून टाकली, सगळीकडून, हलायचं नाही अशी. कागदात बहुधा तिथे स्क्रू असणार, पण स्क्रूवर त्याचा कधीच विश्वास नव्हता. त्याने आयुष्यभर पाहिलेलं प्रत्येक इंजिन स्क्रूपाशीच सुटलं होतं.

आता फक्त दांडे राहिले.

त्या आठवड्यात झिपऱ्या परत आला. पुढचे दात नव्हते, त्यामुळे त्याचं बोलणं शिट्टीसारखं निघायचं आणि पोरं हसायची. तो हसणाऱ्यांना काही म्हणाला नाही. दुपारी घण इंजिनामागच्या कोळशाच्या डब्याच्या, एका टेंडरच्या आडोशाला पाणी प्यायला वाकला, डावा हात चाकावर टेकवून, तेव्हा झिपऱ्याने मागून येऊन लोखंडी पाइप त्या हातावर घातला. हाड चाकावर आणि पाइप हाडावर. मधली दोन बोटं भलत्याच दिशेला बघू लागली.

घण ओरडला नाही. वळला, आणि उजव्या खांद्याने झिपऱ्याला असा धडकला की तो इंजिनाच्या चाकाशी जाऊन पडला, डोकं रुळाच्या बाजूला. त्याचा लोखंडी घण पलीकडेच उभा केलेला होता. त्याने तो दोन्ही हातांनी उचलला. झिपऱ्याने हात वर केले आणि पुढे काही केलं नाही, कारण करण्यासारखं काही नव्हतं. यार्डातले सगळे आवाज बंद पडले. मुकादम लांबून धावत येत होता आणि त्याला ठाऊक होतं की आपण पोहोचणार नाही.

घण खाली आला. झिपऱ्याच्या कानापासून वीतभर अंतरावर, चाकाच्या कडेवर. ठिणग्या उडाल्या, चाक घंटेसारखं वाजलं आणि वाजतच राहिलं. झिपऱ्याच्या कानातून रक्ताची बारीक रेघ आली. तो पाय पोटाशी घेऊन लहान मुलासारखा रडू लागला.

मुकादमाने त्याच्या हातातला घण काढून घेतला. मुकादमाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "सोडलंस त्याला," तो म्हणाला. "शहाणा झालास रे. अखेर शहाणा झालास."

 घणाने आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं. त्या मोडक्या बोटांनी दांडी धरवली नव्हती. शेवटच्या क्षणी ती सुटली आणि घण वीतभर बाजूला गेला. त्याने नेम डोक्यावरच धरला होता.

दवाखान्यात बोटांना पट्टी बांधली. संध्याकाळी तो टेबलाशी बसला, उजव्या हाताने आणि दातांनी धरून दोन्ही बाजूंचे दांडे चाकांवर चढवले, इंजिन रुळाच्या तुकड्यावर ठेवलं आणि बोटाने ढकललं. चाकं अर्धी फिरली आणि अडली. मागे घेतलं, पुन्हा ढकललं. त्याच जागी अडलं. जोर लावला तर दांडा धनुष्यासारखा वाकला आणि मागच्या चाकाने रूळ सोडला.

त्याने फळीमागून कागद काढला. पहिलं चित्र. यावेळी तो चित्रावर हसला नाही. चित्रात दांडे टेबलावर होते, आणि आस ज्यांत फिरतात त्या बारीक बुशा त्या दांड्यांच्या भोकांवर ठेवून, दांड्यांच्याच मापाने चौकटीत डागलेल्या. दांडे हे इंजिनाचं माप होतं. दांड्याची दोन भोकं जेवढ्या अंतरावर, तेवढ्याच अंतरावर दोन आस. केसभर इकडेतिकडे झालं तर चाक एका जागी हटकून अडणार. त्याने बुशा डोळ्यांनी बघून बसवल्या होत्या आणि मग वरून सगळं कायमचं बंद केलं होतं. तोडताना दांडे आधी, कारण त्यांनीच सगळं बांधलेलं असतं. जोडतानाही ते आधीच.  कागद धरलेला हात पांढरा पडला, आणि मागच्या भिंतीपाशी मोडण्यासारखं काही उरलेलं नव्हतं.

रविवारी बायको आली ती पिशवी घेऊन. भरलेली पिशवी. मुकादमाची बायको तिच्या बहिणीकडे कपडे शिवायला टाकायची, तिने सगळं सांगितलं होतं. टेबलावर इंजिन उभं होतं. धुराडं, घुमट, केबिन, चाकं, चाकांवर चकचकणारे दांडे.

ती आत आली. पहिल्यांदाच न विचारता आत आली. पिशवी अजून खांद्यालाच होती.

"झालं की," ती म्हणाली. तिचा आवाज जरा वेगळा होता. "खरंच झालं. चित्रातल्यासारखं."

त्याने इंजिनाखालचा रूळ सरळ केला.

"आणि मी ऐकलं त्या पोराचं. त्याने हात मोडला तरी तुम्ही सोडलंत त्याला. यार्डभर चर्चा आहे म्हणे." तिने त्याच्या पट्टीकडे पाहिलं. "दुखतंय?"

त्याला फक्त हो म्हणायचं होतं. एवढंच. इंजिन टेबलावर उभं होतं, उभ्या इंजिनाची चाकं कोण फिरवून बघतं? आणि झिपऱ्याच्या डोक्यावरचा नेम त्याच्याशिवाय कुणाला ठाऊक होता? तिने पिशवी खाली ठेवली की ती स्टोव्ह शोधेल, स्टोव्ह नाही म्हणून त्याला चार शब्द ऐकवेल, आणि घर पुन्हा घर होईल. तिचा हात पिशवीच्या पट्ट्यावर होता.

"नाही झालं," तो म्हणाला.

"काय?"

"चालत नाही." त्याने इंजिन ढकललं. अर्धं गेलं, अडलं. "तू अख्खं आणि चालतं म्हणाली होतीस. चालत नाही."

तिने इंजिनाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"आणि सोडला नव्हता मी त्याला. मारायलाच उचलला होता. बोटं मोडली होती म्हणून घण सुटला. बोटं धड असती तर आज मी इथे नसतो, आणि तो कुठेच नसता."

 रस्त्यावरून कुणीतरी सायकल घेऊन गेलं, साखळीचा आवाज आला आणि गेला. बायकोचा चेहरा हळूहळू बदलत गेला, मघाशी उघडला होता तसा पुन्हा बंद झाला.

"हे मला का सांगितलंत?"

"माहीत नाही."

त्याने उजव्या हातात सोल्डरिंग आयर्न घेतला आणि बॉयलर आणि चौकटीच्या जोडाला टेकवला. ती झटकन एक पाऊल मागे गेली आणि तिचा हात वर आला, तोंडासमोर. त्याने ते पाहिलं. इतकी वर्षं तो नेहमी ज्या वस्तूला मोडत होता तिच्याकडे बघत आला होता. ती त्या वेळी कुठे उभी असते आणि काय करते हे त्याने कधी बघितलंच नव्हतं. आता त्याने बघितलं.

"मोडत नाहीये," तो हळू म्हणाला. "उतरवतोय. बुशा आत आहेत, त्या पुन्हा बसवायच्या तर हे सगळं उतरवावं लागतं. भाग वाकवायचा नाही. उष्णता लावायची, सोल्डर वितळलं की अलगद वर घ्यायचं. मग तोच भाग पुन्हा बसतो."

"हे माझ्या खुर्चीला सांगा."

तो हसला नाही, पण तिने म्हटलं तसंच ते होतं, म्हणून त्याने मान हलवली.

सोल्डर चकाकलं, वितळलं, आणि पुन्हा गोठलं, कारण ते वितळलं होतं तेवढ्या क्षणात पत्रा वर उचलायला हात हवा होता आणि त्याचा एकच हात कामाचा होता. त्याने पुन्हा उष्णता लावली. पुन्हा वितळलं, पुन्हा गोठलं. तिसऱ्यांदा त्याने दातांनी पत्रा धरायचा प्रयत्न केला आणि ओठ भाजून घेतला. त्याच्या घशातून तो आवाज आला जो तिला ओळखीचा होता, मोडण्याच्या आधीचा. मानेवरच्या शिरा टरारल्या.

त्याने आयर्न स्टँडवर ठेवला. दोन्ही हात मांडीवर घेतले. पट्टी बांधलेला वर, दुसरा खाली, आणि तसाच बसला, मोठाले श्वास घेत.

बायको दाराशी होती. तिने दार सताड उघडलं, त्याला वीट लावली, आणि मग टेबलापाशी आली. पिशवी खांद्यालाच.

"कुठे धरायचं?"

"तो चिमटा घे. इथे कडेला धर. मी वर म्हटलं की वर. ओढायचं नाही, नुसतं वर."

"मला ओढायची खोड नाही."

त्याने उष्णता लावली. सोल्डर चकाकलं. "वर," तो म्हणाला, आणि बॉयलरची कड आवाज न करता सुटली. दुसरा जोड. तिसरा. मध्येच त्याचा हात जरा जास्त पुढे गेला, वितळलेल्या सोल्डरचा थेंब उडून तिच्या मनगटावर पडला, आणि तिने चिमटा टेबलावर आपटला.

"नीट बघून करा ना, आंधळे आहात का," ती ओरडली. एवढ्या मोठ्याने ती त्याच्यावर कधी ओरडली नव्हती. ओरडून झाल्यावर तिलाही ते कळलं. तिची नजर टेबलावरून त्याच्या हातातल्या तापलेल्या आयर्नवर गेली.

त्याच्या छातीत ते आलं, जसं नेहमी येतं तसंच, खालून वर, गरम. कमी झालेलं नव्हतं. त्याने आयर्न तिच्यापासून लांब, टेबलाच्या पलीकडच्या टोकाला स्टँडमध्ये ठेवला आणि उठून पातेलं भरून पाणी आणलं.

"त्यात हात घाल," तो म्हणाला.

तिने हात पाण्यात घातला. बऱ्याच वेळाने काढला, पदराला पुसला, आणि चिमटा उचलला. "दुसरी बाजू राहिलीय."

दुसरी बाजूही उतरली. संध्याकाळपर्यंत इंजिन पुन्हा भागांत आलं: केबिन तिच्या खडबडीत रेघेसकट, बॉयलर, चौकट, बुशा, दांडे. एकही भाग वाकला नव्हता. ती प्रत्येक भाग उजेडाकडे धरून बघत होती, तपासत होती, आणि मग कागदावर ठेवत होती.

मग ती उठली. दाराची वीट पायाने बाजूला सारली. पिशवी दिवसभर खांद्यावरून उतरली नव्हती, आणि आता तिने ती नीट करून घेतली.

"पुढच्या रविवारी?" त्याने विचारलं.

"बघते." ती उंबऱ्यावर थांबली आणि मनगटावरचा लाल डाग अंगठ्याने दाबला. "चिमटा दुसरा आणा. लाकडी मुठीचा. हा तापतो."